तिसरी खुर्ची

— अहो, थांबा, त्या ओळीला इतक्यात हिरवा रंग देऊ नका. हिरवं म्हणजे पडताळलेलं, आणि तुम्ही अजून पडताळलंय कुठे? दाखल करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव दिसलं आणि हात निघाला माउसकडे. बसा जरा. बूट? हो, ठाऊक आहे मला, नाडी एका बाजूनं लोंबतेय. लोंबू दे. तशी दिसते, पण सुटत नाही ती. तुम्ही पडद्याकडे बघा.

हे तुम्हाला येत नाही म्हणून सांगत नाही मी. तुम्हाला सगळं येतं. एक ओळ म्हणजे एक दुरुस्ती — कुठला कायदा, कुठलं कलम, काय घातलं, काय वगळलं, कधीपासून लागू — आणि शेवटी ते दोन रकाने, दाखल कोणी केलं आणि पडताळलं कोणी. ते दोघं कधी एक असू नयेत, एवढीच या खोलीची शिस्त. का? तर डोळ्याला सगळं जग दिसतं, डोळ्यातलं काजळ तेवढं दिसत नाही. म्हणून दुसरा माणूस. म्हणून तुम्ही. आणि तुम्ही काय केलंत? बाईंनी भरलंय म्हणजे बरोबरच असणार! असं कधी करू नका. बाईंच्या बाबतीत तर मुळीच करू नका — निदान आज तरी नको.

आज का, म्हणता? बघा ना मग. या दोन ओळी. दोन वेगळे दुरुस्ती कायदे, विधिमंडळानं वेगवेगळ्या दिवशी केलेले, आणि दोन्ही लागू होतात उद्यापासून. दोन्ही येऊन पडतात एकाच कलमावर. तुम्ही मनात खुर्च्या मांडा — मी नवीन लोकांना असंच शिकवते, हसतात माझ्या मागे, हसू देत. तिसऱ्या खुर्चीवर एक म्हातारा बसलाय, खडूस, जाता येता लोकांना काठी मारणारा. पहिला हुकूम आला — म्हाताऱ्याला चौथ्या खुर्चीवर सरकवा आणि तिसरीवर या नव्या पाहुण्याला बसवा. दुसरा हुकूम आला — तिसऱ्या खुर्चीवर जो असेल त्याला घराबाहेर काढा. आता सांगा, बाहेर कोण जाणार? आधी सरकवलंत, तर गेला बिचारा पाहुणा, अजून पाणीसुद्धा न पिता, आणि म्हातारा चौथ्या खुर्चीवर काठी घेऊन तसाच. आधी काढलंत, तर म्हातारा गेला आणि पाहुणा आला. हुकूम तेच, खुर्च्या त्याच. राजपत्रात सगळं आहे, फक्त कोणता हुकूम आधी, हे कुठेच नाही.

नियम? हो, नियम आहे की. भिंतीवर लावलाय, तुमच्या डोक्याच्या वर — 'एकाच दिवशी लागू होणाऱ्या दुरुस्त्यांत लहान क्रमांकाचा कायदा आधी.' अक्षर कोणाचं आहे? माझंच. मीच केला तो नियम, तंटे मिटावेत म्हणून. गेल्याच महिन्यात त्या कोपऱ्यातलीनं मला विचारलं — तुम्ही सगळे तिला फूटपट्टी म्हणता, मला कळत नाही असं समजू नका — तिनं विचारलं, बाई, एखाद्या वेळी नियमानं मूर्खपणाचं उत्तर आलं तर? मी म्हटलं, मूर्खपणा निस्तरायला विधिमंडळ आहे, आपण नुसते लिहिणारे. चारचौघांत म्हटलं. किती ऐटीत म्हटलं असेन!

आणि सरकवणाऱ्या कायद्याचा क्रमांक लहान आहे.

मी मात्र काढणारा आधी घेतलाय. बघा, वरच्या ओळीत. दिसलं नाही ना तुम्हाला? म्हणूनच म्हटलं, थांबा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमचंच बरोबर आहे. एका हातानं पाहुणा बसवायचा आणि दुसऱ्या हातानं त्याच दिवशी त्याला हाकलायचं, असं कुठलं विधिमंडळ करील? मीही तेच म्हणते. दोन पानांची टिपणी लिहिलीय मी त्यावर, इतकी नेटकी टिपणी आयुष्यात लिहिली नव्हती — आणि तिथेच मला भीती वाटली. मन फार मोठा वकील असतं हो. अशील घरचं असलं तर बोलायलाच नको.

घरचं म्हणजे — बोलण्याची रीत आहे एक.

विधी खात्याला विचारलंय मी, सकाळीच. उत्तर आलं, यथावकाश कळवू. सरकारी भाषेत यथावकाश म्हणजे पुढचा जन्म. आणि आपलं दुरुस्त कायद्याचं पान संध्याकाळपर्यंत गेलं पाहिजे. तळटीप? घालूच. पण तळटीप वाचतं कोण? कायदा असतो राजपत्रात, पण कचेरीतली माणसं वाचतात आपलं पान. काल त्या संगोपन कचेरीच्या बाई आल्या होत्या, त्यांच्या हातात आपल्याच पानाचा प्रिंट होता, वर आपला शिक्का, कलमाखाली पिवळी रेघ मारलेली. मी भरलेला मजकूर मलाच वाचून दाखवला त्यांनी. चांगल्या आहेत बाई, आवाजही मऊ. म्हणाल्या, परवा नवीन लागू होतंय, ते बघून येते, मग ठरवू. नव्यात जे असेल ते.

कुठे म्हणजे? घरी. माझ्या घरी आल्या होत्या.

...बरं. आता तोंडातून गेलंच आहे. तो खडूस म्हातारा म्हणजे आत्ताचं उपकलम तीन — सांभाळणाऱ्यानं साठी ओलांडली, की ज्याला स्वतःचं करता येत नाही त्या माणसानं आश्रमात जायचं. आणि पाहुणा म्हणजे नवं उपकलम — एका घरात राहणाऱ्या भावाबहिणींना वयाची अट नाही. मला साठ पूर्ण होतात पुढच्या महिन्यात. आणि घरी माझा धाकटा भाऊ आहे. धाकटा म्हणजे केस पिकलेत त्याचे. पण शर्टाचं बटण लावता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, दूध उतू जाताना बघून टाळ्या वाजवतो. आई गेली तेव्हापासून माझ्यापाशी. मी सांभाळते, असं कागदावर आहे. पण हे गुडघे बघताय ना? मला वाकता येत नाही. डॉक्टरांनी हे नाडीचे बूट गळ्यात बांधले — पायात हो — आणि सकाळी माझी नाडी बांधतो कोण? तो. जमिनीवर फतकल मारून, जीभ बाहेर काढून, एका चित्तानं. त्याला गाठ एकच येते, ती सुटत म्हणून नाही. मी रात्री बूट तसाच ओढून काढते. सकाळी देवापुढे डोळे मिटून बसले की तो शेजारी बसतो, त्याला देवाचं नाव येतं तेही अर्धंच, आणि मी घेते ते पूर्ण नाव त्याच्या अर्ध्यापर्यंत कधी पोचलं नाही. मी उठले की तो डोळे उघडतो आणि म्हणतो, ताई, बूट. संपलं. तेवढी त्याची पूजा.

त्याला आश्रमात दुसरं कुणी काय देईल? गाठ मारायला बूट देईल?

नाही, रडत नाही मी. माझं म्हणणं वेगळंच आहे. माझा क्रम बरोबर असेल — असेलही. पण तो बरोबर आहे म्हणून मी तसा लावला, की तो घरी राहावा म्हणून बरोबर दिसू लागला, हे मला आता सांगता येत नाही. सकाळपासून आत विचारतेय. आतला एरवी स्वतःचं बोलतो, आज तोही माझीच टिपणी वाचून दाखवतो. म्हणून ठरवलं होतं, तुम्हाला बोलवायचं, ओळी दाखवायच्या, चकार शब्द न काढता. तुम्ही स्वच्छ नजरेनं बघाल, जे ठरेल ते ठरेल.

आणि काय केलं मी? अर्धा तास बोलत बसले.

बघा तुमचा चेहरा. मघाशी या ओळी होत्या तुमच्यासाठी, आता माणूस आहे. आता तुम्ही हिरवा रंग द्याल तो त्याला द्याल, आणि नाही दिलात तर घरी जाऊन जेवण जाणार नाही तुम्हाला. काजळ घातलं मी तुमच्याही डोळ्यांत. नका, मान हलवू नका. 'बाई, मला खरंच पटतंय' — हेच, अगदी हेच मी स्वतःला सकाळपासून सांगतेय.

द्या तो माउस इकडे. ही गेली माझी टिपणी. हा पुसला क्रम. दोन्ही रकाने कोरे. आता दाखलही दुसऱ्यानं करायचं आणि पडताळणीही दुसऱ्यानं.

फूटपट्टीला पाठवा.

ठाऊक आहे. ती भिंतीकडे बघेल, नियम वाचेल आणि लहान क्रमांक आधी घेईल. कदाचित नाहीही घेणार. तो प्रश्न मुळात तिचाच होता. पण तिला काही सांगायचं नाही — भावाचं नाही, साठीचं नाही, खुर्च्यांचंसुद्धा नाही. ओळ भरायचीय, एवढंच. आणि ती करील त्याच्यावर तुम्ही सही करू नका, तुम्हीही आता बाद आहात.

उठा. मी बाहेरच्या बाकावर बसते तोवर. हात नको, उठता येतं मला — अहो, काय करताय? वाकू नका! नाडीला हात लावू नका म्हटलं ना! संध्याकाळी दारातच खाली बसून बघतो तो, गाठ त्याचीच आहे का. दुसऱ्या कुणाची निघाली तर जेवत नाही.

जा आता. दार लोटून घ्या.