ऐंशी म्हणजे ऐंशी

मला सांगा, पाटीवर ऐंशी लिहिलं असेल तर माणसाने गाडी किती वेगाने चालवायची? नाही, तुम्हीच सांगा, कारण घरात विचारलं की सगळे असे बघतात जणू ती पाटी मीच रंगवली... तुम्हाला सांगते, बावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं, उभ्या आयुष्यात स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली एकुलती एक वस्तू, आणि तीही अशी की पहिल्या वर्षात एक चूक झाली की जप्त. काढलं का, तर ह्यांनी पंखा पुसताना स्टुलावरून पडून पाय मोडून घेतला. त्या दिवशी अकराला प्लास्टर कापायचं, दवाखाना साठ किलोमीटर, रस्ता दोनपदरी, जायला एक पदर, यायला एक. मी आपली काटा ऐंशीवर धरून. मर्यादा म्हणजे मर्यादा.

मागे ट्रक, ट्रकमागे टेम्पो, टेम्पोमागे... आरशात मावेनात, नुसता हॉर्नचा कल्ला. हे म्हणतात, "अगं, ओलांड की जरा मर्यादा." आता बघा, सव्वीस वर्षं सासूबाईंनी काय शिकवलं? "सूनबाई, हसणं मर्यादेत, बोलणं मर्यादेत." आणि हे पेपराआडून, "आई म्हणते ते बरोबर आहे." ती मर्यादा हाडात मुरली, तर आता म्हणे ओलांड. म्हटलं, "अहो, गप्प बसा. मर्यादा म्हणजे मर्यादा."

तेवढ्यात पोलिसाने हात केला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं कौतुक करणार. मी केससुद्धा सारखे केले.

"बाई, मागे तेवीस गाड्या आहेत."

"असतील. मी पुढे बघून चालवते."

"पाचाच्या वर साचल्या की बाजूला घेऊन वाट द्यायची. नियम आहे."

"पण साहेब, मी ऐंशीवर. मला मागे टाकणारे कितीवर जाणार?"

त्याने डोकं खाजवलं. "ते त्यांचं ते बघतील. लायसन्स द्या."

म्हणजे मर्यादा मोडणाऱ्यांना अडवलं, हा माझा गुन्हा... लायसन्स त्याच्या खिशात गेलं, तेवीस गाड्या सुसाट गेल्या, आणि मला गाडीला हात लावायची बंदी, ह्यांना पाय टेकायची. धाकटे दीर न्यायला येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला. अकरा कधीच वाजून गेले. हे एवढंच म्हणाले, "मर्यादा म्हणजे मर्यादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अकराचीच वेळ मिळाली, आम्ही बसने गेलो. ड्रायव्हरने गाडी शंभराच्या खाली आणलीच नाही, आणि दवाखान्यात आम्ही वीस मिनिटं आधी पोहोचलो.