पहिल्या पानावर कोण?

दाताच्या दवाखान्यात गाणं शिकवणाऱ्या एक बाई नंबराची वाट पाहत होत्या. शेजारी बहीणभावाची जुंपली होती.

"ताई, आपण सगळ्यांना फुकट दिलेला कोड सगळ्यात मोठ्या बँकेने आपल्या ॲपमध्ये वापरलाय. आपल्या वेबसाइटवर, कोड वापरणाऱ्यांच्या यादीत, पहिलं त्यांचंच ॲप लावू."

"त्यांनी कोडमधली आपली चूक शोधली, गुपचूप स्वतःपुरती दुरुस्त केली. आपल्याला कळवलं?"

"नाही. पण नाव बघून लोक येतात."

"नाही आले तरी चालेल! पहिलं ते बसचा नंबर वाचून सांगणारं ॲप. आपल्या कोडवरून ते बनवणाऱ्या मुलीने प्रत्येक दुरुस्ती आपल्याकडे परत पाठवली."

"अगं, दिसायला किती भयाण आहे!"

"वापरणाऱ्यांची तक्रार नाही."

"माझी आहे," शेजारच्या गाण्याच्या बाई पांढरी काठी सावरत म्हणाल्या. "फार सावकाश बोलतं. तोवर बस निघून जाते."

"लिहून घे रे. आणि बँकेला विसर, पहिली जागा यांच्या ॲपची."