साहेबाचा हातोडा

देशी मालाले हसू नका बे! मी मोताळ्याच्या पुलावर गवंडी होतो, तव्हाचं सांगतो. सरकारी कामात आधी देशी माल वापरा, असा नवा नेम आला होता. म्हणून आमच्या रहीमचाचाच्या भट्टीतला चुना घेतला. पण ओव्हरसियर साहेबाचा सारा जीव विलायती सिमेंटात!

पंधरा दिवसांनी साहेब हातोडा घेऊन आला. "चुन्याचा सांधा फुटला तर तुझी भट्टी बंद," असं चाचाले म्हणे, अन् सोताच घाव घालत सुटला. तिसऱ्या घावाले हातोड्याचा दांडाच मोडला. सांधा जसाच्या तसा!

साहेब घाम पुसत म्हणाला, "बरं, पुढच्या पुलालाही तुमचाच चुना."

चाचानं हातोडा उचलला, त्याच्यावरचा विलायती छाप साहेबाले दाखवला.

"साहेब, हातोड्याले नेम लागू नाही काय?"