ज्याची त्याची हद्द

वडील हरवल्याबाबत. जबाब देणाऱ्याचे नाव रजिस्टरात स्वतंत्र घेतले आहे. वय ४६ वर्षे, धंदा सोफे व खुर्च्यांची दुरुस्ती, राहणार दुकानाच्याच वरचा मजला, पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी बायको आणि माझे वडील असे राहतो. वडिलांचे वय ७४. धंदा मूळचा त्यांचा, मी त्यांच्या हाताखाली शिकलो. गेल्या दीड वर्षापासून त्यांना विसरायला होते. आधी माणसांची नावे गेली, मग घरातला जिना कुठे आहे ते गेले. आता दार उघडे दिसले की ते निघतात. कुठे निघालात म्हटले तर "आलोच" म्हणतात.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही ताई म्हणतो, ती शेजारच्याच इमारतीत राहते. तिने घालून दिलेला नियम असा की, बाबा जागे असले की एक माणूस त्यांच्याजवळ बसणार, हात पोचेल इतक्या अंतरावर. त्या माणसाने दुसरे काही करायचे नाही, पेपरसुद्धा वाचायचा नाही. दीड वर्ष हा नियम आम्ही पाळला. नाकी नऊ आले, पण पाळला.

आज रविवारी सकाळी साडेदहा वाजता ताई आणि माझी बायको दवाखान्यात गेल्या, कारण माझ्या सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. जाताना ताई म्हणाली, "चौघं घोडे आहात. एक म्हातारा सांभाळता येईल ना?" आम्ही हो म्हणालो.

चौघे म्हणजे मी, दाजी, मास्तर आणि प्लंबर. दाजी हे ताईचे यजमान, विजेच्या मीटरचे रीडिंग घेतात. मास्तर शाळेत भूमिती शिकवतात. प्लंबर माझा पहिलीपासूनचा मित्र. चौघेही एकाच फुटबॉल टीमचे चाहते. दर रविवारी आम्ही दुरुस्तीला आलेल्या सोफ्यांवर बसून टीमबद्दल बोलतो. सोफ्यांच्या मालकांना हे माहीत नाही.

मागच्या हंगामात आमच्या टीमने एकसष्ट गोल खाल्ले. जबाब लिहून घेणारे हवालदार म्हणतात त्रेसष्ट. मी वाद घालत नाही. आजच्या पेपरात होते की बचावासाठी वेगळा कोच आणणार, बोलणी चालू आहेत, सही राहिली आहे. या कोचला आम्ही कुंपणवाला म्हणतो. त्याच्या पद्धतीत बचावातला एकही बॅक समोरच्या खेळाडूच्या मागे धावत नाही. मैदानाचे तुकडे पाडायचे आणि ज्याने त्याने आपली हद्द सांभाळायची. समोरचा खेळाडू तुमच्या हद्दीतून शेजारच्याच्या हद्दीत शिरला की "तुझा!" असे ओरडायचे आणि त्याला विसरून जायचे. विसरून जायचे हे शब्द कुंपणवाल्याचे आहेत, मुलाखतीत छापून आले आहेत.

माझे मत विचारल्यावरून सांगतो की, हे सगळे थोतांड आहे. बॅकने एक माणूस धरायचा आणि शिट्टी होईपर्यंत सोडायचा नाही. माझे वडील तरुणपणी कारखान्याच्या टीमचे बॅक होते. एका सामन्यात हाफटाइमला समोरचा फॉरवर्ड नळावर पाणी प्यायला गेला, तर वडील त्याच्या मागोमाग नळावर जाऊन उभे राहिले. त्या फॉरवर्डने रेफ्रीला सांगितले की हा आता माझ्या घरी पण येईल. आमच्या घरात बचाव म्हणतात तो हा. कॉर्नरच्या वेळी कुंपणवाला काय करणार, असे हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की, त्याबाबत आम्हा चौघांत एकमत नाही.

साधारण अकरा वाजता मास्तरांनी माझा खडू घेऊन एका गिऱ्हाइकाच्या काळ्या रेक्झिनवर मैदान काढले. दाजी तेव्हा नियमाप्रमाणे वडिलांजवळ बसले होते. त्यांना मैदान दिसत नव्हते आणि उठताही येत नव्हते. ते चिडून म्हणाले, "हे बघा तुमचं माणूस धरणं! एका म्हाताऱ्यापायी धडधाकट माणूस खुर्चीला बांधलाय."

मास्तर म्हणाले, "आपण चौघं आहोत. बॅकही चारच असतात. करून बघायला काय हरकत आहे?"

मी म्हणालो, "मास्तर, बाबा म्हणजे तुमचं प्रमेय नाही."

प्लंबर म्हणाला, "तुझं डोकं जुनं झालंय, यार. तुझ्यामुळेच टीम गोल खाते." माझ्यामुळे टीम कशी गोल खाईल? मी सोफे ठोकतो. पण मत घेतले तेव्हा तीन विरुद्ध एक झाले.

हद्दी पुढीलप्रमाणे ठरल्या. दुकानाचे दार ते विजेचा खांब, मी. खांबापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची गल्ली, प्लंबर. टाकीची बाजू, मास्तर. मागचे अंगण आणि त्याचे फाटक, दाजी. वडील सोफ्यावर बसून हे सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "माझा माणूस कोण?"

मास्तर म्हणाले, "काका, तुम्हाला माणूस नाही. तुम्ही आज फॉरवर्ड."

यावर वडील खूश झाले. उभ्या जन्मात त्यांना कोणी फॉरवर्ड खेळवले नव्हते.

अकरा वीसला सुरुवात झाली. पहिली पंचवीस मिनिटे पद्धत चांगली चालली, हे मला कबूल करावे लागते. वडील टाकीकडे गेले, तिथून परत वळले, मास्तरांनी "तुझा!" अशी हाक दिली, मी घेतले. ते अंगणात गेले, मी "तुझा!" म्हणालो, दाजींनी घेतले. दाजी बिडी ओढत पाय पसरून बसले होते आणि दीड वर्षात प्रथमच मला सुखी दिसले. मास्तर टाकीजवळून ओरडले, "कळलं का आता? दमलाय का कोणी?" कोणी दमले नव्हते. मी माझे काम काढले. दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्या सहा खुर्च्या होत्या, त्या उद्या द्यायच्या आहेत.

बारा वाजून पाच मिनिटांनी दाजी आत आले आणि म्हणाले, "बाबा तुझ्याकडे ना?" मी म्हणालो, नाही. मास्तर म्हणाले, माझ्याकडे नाहीत. प्लंबर म्हणाला, "मला हाक कुठे आली? हाक आली नाही म्हणजे माणूस आला नाही." मग आम्ही एकमेकांच्या हद्दीकडे बोटे दाखवली. यात चार-पाच मिनिटे गेली. वडील कोणाच्याही लक्षात न येता, चौघांच्याही हातावर तुरी देऊन निघून गेले होते.

आम्ही टाकी, शाळेचे आवार, दोन्ही गल्ल्या, बसथांबा आणि उघडी दिसली ती प्रत्येक इमारत पाहिली. बारा चाळीसला ताई आणि माझी बायको परत आल्या. ताईने काय झाले विचारले. मास्तरांनी रेक्झिनवरचे मैदान दाखवून समजावायला सुरुवात केली. ताईने ते ऐकून घेतले. मग विचारले, "कोणाच्या बाजूनं गेले?" मास्तर म्हणाले, रस्ता प्लंबरच्या बाजूला आहे. ताई प्लंबरला म्हणाली, "तुझ्या आईच्या आजारपणात माझे बाबा आठ दिवस तुझ्या घरी झोपायला येत होते. आठवतं का? तुला दोन तास त्यांच्यावर नजर ठेवता आली नाही?" मी पाण्याचा ग्लास भरून घेतला आणि तो हातात धरून उभा राहिलो.

दीड वाजता आम्ही ठाण्यात आलो. वर्णन असे: उंची पाच फूट पाच इंच, रंग सावळा, बांधा सडपातळ, केस पांढरे, डाव्या अंगठ्याला नख नाही, ते हातोडीने गेले आहे. अंगात निळा चौकडीचा शर्ट, करडी पँट, पायात चपला, खिशात मोजायची टेप. नाव विचारले तर माझे नाव सांगण्याची शक्यता आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी ठाण्यात फोन आला. नऊ नंबरच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर एक वृद्ध गृहस्थ सीटवर झोपलेले सापडले होते. एक चप्पल नव्हती. तो थांबा दुसऱ्या ठाण्यात येतो, त्यामुळे त्यांना कोणी आणायचे यावर दोन ठाण्यांत फोनवर बराच वेळ बोलणे झाले. तेवढ्यात बसचा ड्रायव्हर स्वतःच त्यांना परतीच्या फेरीत बसवून घेऊन आला. ते माझे वडीलच आहेत, मी ओळखले. अंगावर जखम नाही. पाण्याचे दोन ग्लास प्यायले.

ठाण्यात शिरताना वडील मोठ्याने म्हणाले, "एकानंही अडवलं नाही मला!" ते फार आनंदात होते. ताईने त्यांचे मनगट धरले आणि ती रडली, आणि रडता रडता प्लंबरला म्हणाली की तू परत आमच्या दुकानाची पायरी चढू नकोस. प्लंबर म्हणाला, "बरं, ताई." तो बाहेरच्या बाकावर बसला आहे. घरी जा म्हटले तरी जात नाही.

हवालदार म्हणाले, माणूस सापडला, आता एवढे पुरे, खाली सही करा. मी म्हणालो, अजून लिहायचे आहे. ते म्हणाले, आता कशाला? मी म्हणालो, लिहा.

वडील कोणाच्याही लक्षात न येता गेले असे मी वर सांगितले आहे. ते खोटे आहे. ते अकरा पंचावन्नला माझ्यासमोरून गेले आणि मी त्यांना पाहिले. मी खुर्चीला खिळे ठोकत होतो. आमच्या धंद्यात बारीक खिळे तोंडात धरतात, एकेक काढून ठोकतात. तोंडात खिळे होते म्हणून ओरडता आले नाही, असे सांगायचे मी ठरवून ठेवले होते. खिळे होते हे खरे आहे. पण ते थुंकायला वेळ लागत नाही.

मी ते थुंकले नाहीत, कारण मला प्लंबरची पाठ दिसत होती. तो रस्त्याकडे तोंड करून कोणाशी तरी कुंपणवाल्याबद्दलच बोलत होता. मला वाटले, जाऊ देत बाबांना याच्या हद्दीत. दहा पावले जाऊ देत, मग ओरडतो आणि तिघांनाही दाखवतो. म्हणजे मी जिंकलो असतो. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांकडची बाई खुर्च्या कधी मिळणार ते विचारायला आली. तिच्याशी बोलण्यासाठी मी खिळे तोंडातून काढले. दोन-तीन मिनिटे बोललो. ती गेल्यावर पाहिले तर गल्लीत फक्त प्लंबर होता. तेव्हाही मी ओरडलो नाही, कारण मला वाटले ते अंगणात वळले असतील. म्हणजे तसे मी स्वतःला पटवले. प्लंबरला हाक आली नाही ती माझ्यामुळे. चार तास तो शिव्या खात होता आणि मी पाण्याचा ग्लास हातात धरून ऐकत होतो.

खांबाजवळ वडील थांबले होते. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिले. दीड वर्षात त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही, पण त्या वेळी त्यांनी मला ओळखले, याची मला खात्री आहे. ते हसले आणि त्यांनी हात केला. मीही हातोडीचा हात वर करून त्यांना हात केला.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिला आहे. यातला शेवटचा भाग ताईला आणि प्लंबरला आत बोलावून त्यांच्यासमोर मी पुन्हा वाचायला लावला. तोही बरोबर आहे.