खोकल्याचा सीन

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वन्सं, रविवारी दुपारी टीव्हीवर ह्यांचा सिनेमा लागणार!”

“अगं वहिनी, दादा त्यात एवढासा! खाटेवर खोकतो, ‘पाणी द्या’ म्हणतो, संपलं. तेवढंही मेले दर वेळी जाहिरातींसाठी कापतात.”

“आता कापून बघू देत! खोकल्याच्या औषधवाल्यांनीच पैसे भरलेत. माझा भाऊ चॅनेलच्या जाहिरातखात्यात आहे ना, त्यानं सांगितलं. आधी हे खोकणार, लगेच पडद्यावर बाटली!”

“अगंबाई! दादा उभा जन्म खोकला, पण भाव आत्ता आला!”

“हसा, हसा. पण या नक्की. सून तर ह्यांच्या माघारी घरात आली. सासऱ्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकेल.”

“घरात कुठे टेप करून ठेवलेला नाही?”

“फोटो भिंतभर आहेत. आवाज तेवढा त्या सिनेमात राहिलाय.”

“येते बाई, सकाळीच येते. काही करून आणू?”

“काही नको. मी पेला घासून ठेवलाय.”

“पेला कशाला?”

“अहो, पाणी मागतील ना ते.”