नानांच्या काठीचा सत्कार

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "एक साधी काठी आणता येईना का रे तुला?" साधी? तुम्हाला सांगतो, एक वेळ मला बायको मिळेल, पण नानांना काठी मिळायची नाही.

झालं असं, की आमचे आजोबा, नानासाहेब, मोशीचे जुने गावकरी, बाथरूममध्ये घसरले. हाड वाचलं, पण उजवा पाय धड पडेना. डॉक्टर म्हणाले, आधाराशिवाय चालायचं नाही, परत पडले तर खुबा जाईल. आणि नानांना रोज संध्याकाळी देवळाच्या पारावर जायचंच असतं. घरात बसून माणूस निम्मा झाला, जेवेना, बोलेना, नुसतं खिडकीतून समोरच्या टॉवरचं पार्किंग बघायचं...

मी भोसरीत वेल्डर. शाळा आठवीत सुटली, पण माप घेता येतं ना? घेतलं. आता माप घेताना नाना उभे कसे, तर छाती काढून, टाचा उचलून, तालमीत उतरल्यासारखे! त्या मापाने काठी आणली, नाना नेहमीसारखे वाकले, आणि मूठ आली थेट छातीला. "ही काठी न्हाय, झेंडा हाय," म्हणाले. मग चार पायांची आणली. नानांनी बोटांवर पाय मोजले. "म्हशीला चार, आन मला सहा?" गेली परत. एक वेळ बायको मिळेल राव...

मग आमचे सुपरवायझर, शेखरभाऊ. "भावा, विकत कशाला? आपण काय मेलोय का? वॉकर बनवू." बनवला. उरलेला जाड पाइप, आडव्या पट्ट्या, वर पिवळा रंग. शेखरभाऊ स्वतः वर चढून नाचले. "बघ, हत्ती टेकला तरी वाकणार नाही." हत्तीचं माहीत नाही, नानांना तो उचलेना. मलाही उचलेना. आता आई त्यावर गोधड्या वाळत घालते.

शेवटी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या तनुजा मॅडमकडे नेलं. त्यांनी नानांना चपला घालायला लावल्या, हात सैल सोडायला लावले, मनगटापाशी माप घेतलं, खाली रबर लावलेली हलकी काठी दिली. "पाय उजवा दुखतो ना? मग काठी डाव्या हातात." घ्या, आणि मी वेल्डर माणूस, मोडेल तिथेच टेकू देत होतो! नाना झकास चालले. दारापर्यंत. दारात काठी माझ्या हातात दिली. "बरी हाय. पर पारावर म्हातारा होऊन जायचा न्हाय मी. त्यो ज्योतीराम हसंल." ज्योतीराम म्हणजे त्यांचा तालमीतला जोडीदार, वय तेवढंच. म्हटलं ना, एक वेळ बायको मिळेल...

तेव्हा आईने डोकं चालवलं. आमच्याकडे माणूस औषधाला नाही म्हणेल, सत्काराला नाही म्हणणार नाही. नानांना स्कूटरवर पारावर नेलं. शाल, श्रीफळ, आणि मॅडमची तीच काठी, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, ज्योतीरामआजोबांच्याच हस्ते. फ्लेक्सवर सगळ्या नातवंडांचे फोटो, माझे डोळे मिटलेले. टाळ्या पडल्या, नानांनी काठी कपाळाला लावली. मी मागे उभा होतो, पण खरं सांगतो, डोळे भरून आले. म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी नाना टोपी घालून तयार. मी म्हटलं, "नाना, टेकवा की खाली."

"खुळा का काय? सत्काराची वस्तू मातीत घासायची व्हय?"

काठी घेतली डाव्या काखेत, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नाही, आणि उजवा हात टाकला माझ्या खांद्यावर. म्हटलं, "नाना, मॅडम म्हणाल्या, आधार डावीकडून."

"मग तू डावीकडं ये की."

आलो. रोज येतो. सेकंड शिफ्ट सोडली. परवा पारावर पोचलो, तर ज्योतीरामआजोबा उठले, माझ्याभोवती फिरले, माझा डावा खांदा चाचपला आणि नानांना विचारतात... मला नाही, नानांना... "ह्यो रिकामा हाय का?"