सोयऱ्याची मोटार

जुनी मोटार घेतानी काय पाहावं, हे मले इचारता? बॉनेट उघडून पाहा, इकणारा सोयरा असला तरी.

आमच्या बाबानं अकोल्याच्या इवायाची, म्हणजे माह्या बहिणीच्या सासऱ्याची, मोटार घेतली. मी म्हटलं, "बाबा, बॉनेट उघडून पाहा."

बाबा म्हणे, "पोरगी देल्ली त्याईच्या घरी. सोयऱ्याच्या मालावर शक घेतात काय?"

दिवाळीसाठी बहिणीलेही संगं घेऊन अमरावतीले निघालो. दोन वर्साईनं ती माहेरी चालली होती. मूर्तिजापूरच्या अलीकडंच मोटार धूर सोडून थांबली. बॉनेट उघडलं, त इंजिनाले तडा. त्यात डांबर भरून वरून रंग मारलेला.

बाबा म्हणे, "आंधीच पाहाले पाह्यजे होतं."

मागच्या सीटवरून बहीण म्हणे, "मले देतानी काय पाह्यलं होतं, बाबा?"